आयांचा डोंगर

गाडीतून उतरायलाच पाऊण तास गेला.
आधी कालिंदीचा लंगोट, मग निमिषचा डावा बूट,
जो बघितला तर उजवा निघाला.
सुश्रुतने पाठीवरचा पाळणा चढवला,
पट्टे आवळले, सोडले, पुन्हा आवळले,
आणि पोरगी आत बसताक्षणी
त्याचे केस दोन्ही मुठींत धरून ताठ झाली,
लगाम हाती आल्यासारखी.

दोन तासांचा चढ, सहा महिन्यांचं सामान.
मोल्डमधले शेजारी म्हणाले होते,
अहो, बाबागाडीसुद्धा जाते.
शेजाऱ्यांना मुलं नाहीत.

निमिष चालत नाही, तपासणी करतो.
दगड उलटा करून पाहायचा,
डबकं किती खोल ते बुटाने मोजायचं,
मेंढ्यांच्या लेंड्या दिसल्या की थांबून विचारायचं,
एवढं चॉकलेट कुणाचं सांडलं?
कॉलेजात मी राजगड ते तोरणा
एका दिवसात केला होता.
आज पाच मिनिटांत अकरा पावलं.
(मोजली. मोजायला वेळच वेळ होता.)

वाटेकडेला बिलबेरी पिकलेली,
करवंदाची थंडीत वाढलेली बारकी मावसबहीण.
मिठाची पुडी असती तर, असं मनात आलं
आणि उगाच तोंडाला पाणी सुटलं.
निमिषचे ओठ जांभळे, हात जांभळे,
सुश्रुतची नवी पँटही आता जांभळी.

मग वारा आला.
इथला वारा सांगून येत नाही,
थेट कानात शिरतो.
कालिंदीने सूर लावला.
भूक होती, थंडी होती, की नुसतं
आपण किती उंच आलो ते कळलं होतं, कोण जाणे.
मी एका दगडाशी टेकले, दुपटं धरलं,
दुपट्याचं शीड झालं.

कुत्रा घेऊन उतरणारी एक म्हातारी थांबली.
काही विचारलं नाही.
रेनकोटची बटणं काढली, दोन्ही पंख पसरले
आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली,
पोरीचं पोट भरेपर्यंत.
नाव नेरिस. पाठमोरीच बोलत होती.
तिची तीन मुलं ती इथे आणायची,
शालीत गुंडाळून, कमरेशी आवळून.
थोरला आता पर्थला असतो.
रविवारी फोन करतो, तिकडच्या संध्याकाळी.
मी घड्याळाकडे पाहिलं,
त्यात साडेचार तास मिळवले.
रविवारच होता.

डोंगराचं नाव विचारलं. मोएल वामाय.
म्हणजे?
म्हणजे आयांचा डोंगर, ती म्हणाली,
निदान माझी आजी तरी तसंच सांगायची.

हे आधी कळलं असतं तर!
चढावर गुडघा करकरला की
आपल्या तोंडून दुसरं काय निघतं?
सकाळपासून मी डोंगराला
त्याच्याच नावाने हाका मारत होते.

वर तो बुरूज दिसत होता, जवळच,
म्हणजे मोठ्यांच्या जवळ.
निमिषने मान वर करून अंतर पाहिलं,
तिथेच फतकल मारली,
तीन खडे एकावर एक ठेवले
आणि जाहीर केलं, हे टोक.
सुश्रुत म्हणाला, अरे, दहाच मिनिटं.
मी म्हणाले, ऐकलंस ना, हे टोक.
जाता जाता नेरिस हसली:
तो वरचाही अर्धाच आहे, वादळात पडला,
पुन्हा कुणी उभारला नाही.
तुमच्या खड्यांचं काही कमी नाही.

टोकावर आम्ही थालीपीठ खाल्लं, गार, वातड.
कुणीतरी एक खडा खिशात घातला,
ते कपडे धुताना कळेल.

उतरताना निमिष पुढे होता.
पाय सटकला, ढुंगणावर बसला,
आणि अगदी माझ्या सुरात म्हणाला, आई गं!
मला हाक नव्हती ती.
उठला, हात झटकले, निघालासुद्धा.
मी मात्र अजून ओ देत होते.